टाउनला नेईपर्यंत

रिक्षा सायनला थांबते. पश्चिमेकडून आलात तर वांद्र्याला थांबते. माहीमची खाडी ती ओलांडत नाही. मुंबईत रिक्षा फक्त उपनगरांत चालते, हे इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. पण रात्री दोन वाजता पोट धरून विव्हळणाऱ्या माणसाला घाटकोपरहून परळला नेणाऱ्यांसाठी या नियमाचा अर्थ वेगळा होता. रोग्याला रिक्षातून उतरवायचं, फुटपाथवर टेकवायचं, टॅक्सीला हात करायचे, टॅक्सीवाल्याला विनवायचं आणि मग पुढचा रस्ता. उपनगरांतल्या जुन्या माणसांच्या तोंडी 'टाउनला नेलं' हे शब्द अजून येतात. दुखणं साधं राहिलेलं नाही, एवढं त्यातून ऐकणाऱ्याला कळतं.

पोटातल्या गंभीर जंतुसंसर्गाचा मुंबईतला इतिहास लिहायचा तर तो या प्रवासापासूनच सुरू करावा लागतो. कारण या दुखण्यात औषध, शस्त्र आणि यंत्र यांच्या आधी प्रश्न येतो तो तासांचा.

पोट आतून फुटायच्या वाटा अनेक. अपेंडिक्स सुजून फुटतं. जठराला किंवा त्याच्या पुढच्या आतड्याला झालेला अल्सर फुटतो. टायफॉइडच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात लहान आतड्याला भोक पडतं. क्षयानं आतडं आवळत जातं आणि आवळलेल्या जागेच्या वर फाटतं. यकृतातलं अमीबाचं गळू पोटात फुटतं. गाडीचा धक्का किंवा टेबलाचा कोपरा लागूनही आतडं चिरतं. युरोप-अमेरिकेत असे रोगी बहुधा वयस्कर आणि बिघाड मोठ्या आतड्याचा. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या तरुण, कमावत्या वयाची माणसं अल्सर, टायफॉइड आणि क्षयानं या टेबलावर आली. नळाचं पाणी, दाटीची वस्ती आणि वेळी-अवेळी घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या, या तिन्हींचा हिशेब शेवटी पोटावरच लिहिला जातो.

आतड्यांवरून आणि पोटाच्या भिंतीच्या आतून एक पातळ पडदा पसरलेला असतो. डॉक्टर त्याला उदरावरण म्हणतात. उलगडून पसरला तर तो अंगावरच्या सगळ्या कातडीएवढा भरेल. आतड्यातली घाण या पडद्यावर सांडली की एवढा सगळा पडदा भाजल्यासारखा सुजतो आणि रक्तातलं पाणी लिटर-लिटरनं पोटात आणि सुजलेल्या आतड्यांत झिरपायला लागतं. बाहेरून थेंबभर रक्त दिसत नाही, तरी नाडी धावते, रक्तदाब कोसळतो. मग लघवी कमी होते, श्वास वाढतो, माणूस असंबद्ध बोलू लागतो. जंतू आणि त्यांची विषं रक्तात उतरली, त्यांच्याशी झुंजताना शरीर स्वतःच्याच अवयवांवर उलटलं की त्याला सेप्सिस म्हणतात. हे सगळं एका रात्रीत होऊ शकतं.

यात एक जीवघेणा चकवा आहे. अपेंडिक्स फुटतं तेव्हा कधीकधी दुखणं काही वेळ कमी होतं, कारण आतला ताण सुटलेला असतो. अल्सर फुटल्यावरही पहिल्या आगडोंबानंतर काही तास जरा बरं वाटतं. घरातले म्हणतात, 'गॅस होता, उतरला.' ओवा, सोडा, गरम पाण्याची पिशवी होते, गल्लीतल्या डॉक्टरांचं इंजेक्शन होतं. हे सगळं मायेपोटी होत असतं आणि त्याच मायेत सहा-आठ तास निघून जातात.

फुटलेलं पोट शिवावं लागतं ही समज आपल्याकडे नवी नाही. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात 'परिस्रावी उदर' नावाचा विकार सांगितला आहे: अन्नातून गेलेल्या काट्यानं किंवा शल्यानं आतडं भेदलं जातं आणि आतला स्राव बाहेर पाझरतो. त्यावर सांगितलेला उपाय धाडसी आहे. नाभीच्या खाली, डाव्या बाजूला पोट उघडायचं, आतडं बाहेर काढून तपासायचं, भोकाच्या कडा जुळवून त्यांना मोठ्या काळ्या मुंग्या डसवायच्या, आणि चावा घट्ट बसला की धड तोडून डोकी तशीच ठेवायची. मग आतडं आत सारून पोट शिवायचं. आजचे सर्जन वापरतात त्या स्टेपलरची ही फार जुनी पूर्वज म्हणावी. पण त्याच परंपरेनं या विकाराला जवळजवळ असाध्य मानलं, हेही तितक्याच स्वच्छपणे नोंदवलं आहे. भोक बुजवता येतं, सांडलेल्या विषाचं काय करायचं, हा प्रश्न पुढची दोन हजार वर्षं उत्तरावाचून राहिला.

१९०२ च्या जूनमध्ये इंग्लंडचा राजा सातवा एडवर्ड याचा राज्याभिषेक दोन दिवसांवर आला असताना त्याच्या पोटात अपेंडिक्सभोवती पू झाला. सर फ्रेडरिक ट्रीव्ह्ज यांनी २४ जूनला राजवाड्यातच शस्त्रक्रिया करून पू काढला. समारंभ ऑगस्टवर ढकलला गेला आणि राजा जगला. पैसा, सत्ता आणि सर्जन घरात येण्याइतकी जवळीक असली तर हे साधत होतं. १९२६ साल मात्र या दुखण्याच्या इतिहासात ठळक आहे. त्या वर्षी ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कला मूकपटांचा नायक रुडॉल्फ व्हॅलेंटिनो अल्सर फुटल्यानंतरच्या पेरिटोनायटिसनं, म्हणजे उदरावरणाच्या सुजेनं, गेला. ऑक्टोबरमध्ये डेट्रॉइटला जादूगार हॅरी हुदिनी फुटलेल्या अपेंडिक्सनं गेला. साखळदंडांतून आणि बंद पेट्यांतून सुटणारा हा माणूस प्रयोग चुकवायचा नाही म्हणून ताप अंगावर काढून रंगमंचावर उभा राहिला होता. त्याच वर्षी जर्मन सर्जन मार्टिन किर्शनर यांनी आकडे मांडून दाखवलं की गळतीचं मूळ बंद केलं आणि पोट नीट धुतलं तर मरणाचं प्रमाण स्पष्टपणे खाली येतं. प्रतिजैविकं अजून जन्मायची होती, तरीही. 'मूळ बंद करा, धुवा' हे सूत्र आजही जगभर चालतं.

आणि त्याच १९२६ मध्ये परळला केईएम रुग्णालय उघडलं.

केईएम आणि त्याला जोडलेलं सेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय या महापालिकेच्या संस्था. भायखळ्याचं जे. जे. तर १८४५ पासून होतं. पण तेव्हा मुंबई म्हणजे माहीम-सायनपर्यंतचं बेट. त्यापलीकडे साष्टी, म्हणजे भातखाचरं, मिठागरं, कोळीवाडे, ईस्ट इंडियन ख्रिस्ती गावठाणं. १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली, तेव्हा घाटकोपर-भांडुपच्या बाजूनं तिचा धूर गेला, पण दवाखाना काही आला नाही. १९२० मध्ये मुंबई उपनगर हा वेगळा जिल्हा झाला. १९२८ च्या जानेवारीत बोरिवलीपर्यंत विजेची गाडी आली आणि अंधेरी, मालाड, कांदिवलीत मध्यमवर्गाची घरं उठू लागली. १९५० मध्ये महापालिकेची हद्द वाढली आणि अंधेरी, घाटकोपर 'बृहन्मुंबईत' आले. १९५७ मध्ये ती दहिसर आणि मुलुंडला जाऊन टेकली.

हद्दीची रेघ एका दिवसात सरकते. शस्त्रक्रियागृहाला वर्षं लागतात. लोक आधी आले, गिरण्यांच्या संपानंतर आणि चाळी मोडल्यावर तर लोंढ्यानं आले, आणि मोठी रुग्णालयं मात्र बराच काळ बेटावरच राहिली. उपनगरांच्या वाट्याला प्रसूतिगृहं, दवाखाने आणि पुढे महापालिकेची सर्वसाधारण रुग्णालयं आली. घाटकोपरचं राजावाडी, विलेपार्ल्याचं कूपर, बोरिवलीचं भगवती, मुलुंडचं अगरवाल ही नावं इथल्या लाखो कुटुंबांच्या आठवणीत आहेत. तिथल्या सर्जननी रात्री-बेरात्री अपेंडिक्सं काढली, अल्सर शिवले, आणि या कामाची नोंद कुठल्या गौरवग्रंथात सापडत नाही. पण शिवल्यानंतर रोगी खालावला, श्वासाला यंत्र लागलं, मूत्रपिंडं बसली, तर कागदावर लिहिलं जायचं: 'उच्च केंद्राकडे पाठवावे.' म्हणजे सायन, केईएम, नायर किंवा जे. जे.

सायनचं रुग्णालय म्हणजे या भूगोलातला नाका. १९४७ मध्ये, युद्धकाळातल्या लष्करी बराकींत ते सुरू झालं आणि पुढे लोकमान्य टिळकांच्या नावानं मोठं झालं. पूर्व उपनगरांतून येणारा रस्ता आणि मध्य रेल्वे दोन्ही त्याच्या दारावरून जातात. रुळांवरचे आणि महामार्गावरचे अपघात तिथेच पोचतात. फाटलेलं आतडं, चिरडलेलं यकृत, फुटलेली प्लीहा यांच्याशी झुंजण्याचं कसब तिथल्या पिढ्यांना या जागेनंच शिकवलं. रिक्षा जिथे थांबते तिथेच हे रुग्णालय उभं आहे, याचा आधार किती जिवांना मिळाला असेल याची कल्पनाच करावी.

औषधांची बाजूही याच दशकांत बदलली. १९५४ मध्ये पुण्याजवळ पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला आणि पुढच्या वर्षी तिथून पेनिसिलिन बाहेर पडू लागलं. पुढे जेंटामायसिन आलं, हवेशिवाय वाढणाऱ्या आतड्यातल्या जंतूंवर मेट्रोनिडॅझोल आलं. सलाईनच्या स्टँडला टांगलेली 'मेट्रो'ची बाटली पाहिली की जुन्या सिस्टर लांबूनच ओळखायच्या: पोटाची केस.

मात्र प्रतिजैविक देऊनही माणसं जात होती, कारण जंतू मरेपर्यंत फुप्फुस, मूत्रपिंड आणि हृदय तगवायला कुणी नव्हतं. ती युक्ती जगाला १९५२ मध्ये कोपनहेगनच्या पोलिओच्या साथीनं शिकवली. श्वास बंद पडलेल्या मुलांच्या श्वासनलिकेत नळी घालून वैद्यकीय विद्यार्थी पाळीपाळीनं हातानं हवा भरत राहिले. भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांनी मांडलेल्या त्या कल्पनेतून अतिदक्षता विभाग जन्मला.

मुंबईत ही विद्या रुजवण्यात धनुर्वाताचा मोठा वाटा आहे. डॉ. फारोख उडवाडिया यांनी आचके देणारे, श्वास अडकलेले धनुर्वाताचे रोगी व्हेंटिलेटरवर आठवडेच्या आठवडे तगवले. धनुर्वाताच्या मुंबईतल्या १५० रोग्यांचा त्यांनी आणि सहकाऱ्यांनी लिहिलेला अहवाल १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला. धनुर्वात परदेशी पाठ्यपुस्तकांत जवळजवळ इतिहासजमा होता. इथे तो पावसाळ्यातल्या चिखलाइतका खरा होता. व्हेंटिलेटरवरच्या माणसाचा कफ काढणं, कूस बदलणं, नळीतून अन्न देणं, रक्तदाबाच्या चढउतारावर रात्रभर डोळा ठेवणं, ही शुश्रूषा या रोग्यांनी इथल्या डॉक्टर-नर्सना शिकवली. पोटाच्या सेप्सिसच्या रोग्याला हेच सगळं लागतं.

ब्रीच कँडी रुग्णालयातल्या ज्या अतिदक्षता विभागाशी डॉ. उडवाडियांचं नाव जोडलेलं आहे, तिथे १९८२ च्या पावसाळ्यात जुहूला राहणारा एक रोगी आणला गेला. त्या रोग्यामुळे 'आतडं फुटणं' हे शब्द देशातल्या घराघरात पोचले.

मनमोहन देसाईंच्या 'कुली'चं चित्रीकरण जुलैअखेरीस बंगळूरला विद्यापीठाच्या आवारात चाललं होतं. पुनीत इस्सरबरोबरच्या मारामारीच्या प्रसंगात अमिताभ बच्चन यांच्या पोटाला टेबलाचा कोपरा लागला. बाहेर जखम नाही, रक्त नाही. ते उठून चालले. पोटातली गळती लगेच ध्यानात आली नाही आणि दरम्यान काही दिवस गेले. बंगळूरलाच पोट उघडलं तेव्हा आतडं फाटलेलं होतं आणि संसर्ग पसरला होता. त्यानंतर त्यांना विमानानं मुंबईला आणलं. पुन्हा शस्त्रक्रिया झाली. २ ऑगस्टला त्यांची नाडी आणि रक्तदाब इतके बुडाले की काही मिनिटं डॉक्टरांच्या दृष्टीनं ते गेल्यातच जमा होते. अखेरचा प्रयत्न म्हणून इंजेक्शनांमागून इंजेक्शनं दिली गेली आणि काचेपलीकडे उभ्या असलेल्या जया बच्चन यांना पायाचा अंगठा हललेला दिसला. ही हकिकत बच्चन स्वतः अनेकदा सांगत आले आहेत आणि २ ऑगस्ट हा आपला दुसरा वाढदिवस मानतात.

त्या आठवड्यांत मुंबई काय करत होती ते अजून सांगितलं जातं. सिद्धिविनायकाला नवस, रुग्णालयाबाहेर गर्दी, रक्त द्यायला रांगा. २४ सप्टेंबरला ते घरी, 'प्रतीक्षा' बंगल्यावर परतले. देसाईंनी 'कुली'चा शेवट बदलला. मरणारा नायक जगवला, आणि मार लागला तो क्षण पडद्यावर गोठवून तिथे तशी पाटी दाखवली.

देशातल्या सर्वांत लोकप्रिय माणसाला विमान मिळालं, सर्जन मिळाले, अतिदक्षता विभागाचा पलंग मिळाला आणि तरीही तो मरणाच्या दारात गेला, ते निदानाआधी गेलेल्या दिवसांमुळे. त्याच महिन्यात मुलुंडच्या एखाद्या कारखान्यात ज्याच्या पोटाला लोखंडी पट्टी लागली असेल, त्याच्यासाठी विमान नव्हतं; पोटातली घड्याळाची टिकटिक मात्र तीच होती. आणखी एक गोष्ट सहज नजरेतून निसटते. रोग्याचं घर उपनगरात होतं, पण त्याला तगवणारा विभाग शहरात, महालक्ष्मीच्या पलीकडे समुद्रकाठी होता.

पुढच्या दशकात ही विद्या पसरू लागली. १९९० मध्ये जे. जे. त डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी दुर्बिणीतून पित्ताशय काढलं आणि पोट मोठं न फाडता आत जाण्याची वाट देशाला दाखवली. १९९३ च्या ऑक्टोबरमध्ये अतिदक्षता वैद्यकाची भारतीय संघटना मुंबईतच स्थापन झाली. १९९९ मध्ये केईएमचे डॉ. दिलीप कर्नाड यांनी सहकाऱ्यासह एका अमेरिकी नियतकालिकात मुंबईतल्या सार्वजनिक रुग्णालयाच्या अतिदक्षतेचा दर्जा, खर्च आणि फलित यांचा हिशेब मांडला. पाश्चात्त्य गुणपट्टीवर रोग्याचा धोका मोजला तर इथले मृत्यू अपेक्षेपेक्षा जास्त भरत होते. या आकड्याकडे केवळ उपचारांचा कमीपणा म्हणून पाहणं अन्यायाचं होईल. भरती होताना मोजलेला आकडा भरतीआधीच्या रिक्षा-टॅक्सीतल्या तासांबद्दल काही सांगत नाही.

उपनगरांतलं चित्र खाजगी आणि धर्मादाय संस्थांनी आधी बदललं. विलेपार्ल्याचं नानावटी १९५० पासूनचं. अंधेरी पूर्वेला महाकाली रस्त्यावर ख्रिस्ती भगिनींनी चालवलेलं होली स्पिरिट १९६७ चं. २००९ मध्ये अंधेरी पश्चिमेला कोकिलाबेन अंबानी रुग्णालय उघडलं. त्याच वर्षी मुलुंडचं वोक्हार्ट 'फोर्टिस' झालं. प्रवासाची दिशाच उलटली: ठाणे-डोंबिवलीचे रोगी मुलुंडला येऊ लागले, विरार-वसईचे बोरिवली-अंधेरीला. २०१४ मध्ये १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका राज्यभर सुरू झाली. २०१५ मध्ये कूपरला वैद्यकीय महाविद्यालय आलं आणि पश्चिम उपनगरांना महापालिकेचं पहिलं शिकवणारं रुग्णालय मिळालं. अंधेरी महापालिकेत आल्याला तेव्हा पासष्ट वर्षं झाली होती. हा उशीर साधा नव्हता.

अंतर कमी झालं तशी दुसरी एक खाडी समोर आली: पैशाची. अतिदक्षता विभागातला एक दिवस म्हणजे अनेक घरांचा महिन्याचा पगार. आणि पोटाच्या सेप्सिसला दिवस नाही, आठवडे लागतात. २००६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं घालून दिलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धनांसाठी आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी ठेवणं बंधनकारक झालं. २ जुलै २०१२ ला राजीव गांधी जीवनदायी योजना ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत मुंबई उपनगर होतं. तीच आता महात्मा फुले यांच्या नावानं चालते. योजना कागदावर आहे हे कळणं आणि रात्री तीनला कॅश काउंटरसमोर ती वापरता येणं यांत अजून अंतर आहे. तरीही पिवळं-केशरी रेशनकार्ड घेऊन धावणाऱ्या नातेवाइकाच्या हातात २०१२ आधी हेही नव्हतं.

जगातल्या अतिदक्षता विभागांत या रोग्यांचं काय होतं, याचे आकडे आता आहेत. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ४२ देशांतल्या २,६०० हून अधिक रोग्यांच्या पाहणीत शंभरातले सुमारे एकोणतीस दगावले. जिथे गळतीचं मूळ नीट बंद झालं नव्हतं तिथे मृत्यू जास्त होते, म्हणजे किर्शनर यांचंच म्हणणं नव्यानं खरं ठरलं. त्याआधी २०१५ मध्ये, अतिदक्षतेत गेलेले आणि न गेलेले अशा साडेचार हजारांवर रोग्यांच्या पाहणीत मृत्यू नऊ टक्क्यांच्या आसपास होते. त्या पाहणीतून धोक्याची जी गुणपट्टी तयार झाली, तिच्यात शस्त्रक्रियेला चोवीस तासांपेक्षा जास्त उशीर झाला तर रोग्याच्या नावावर धोक्याचे तीन गुण चढतात. प्रतिकारशक्ती खालावलेल्या रोग्यालाही तीनच. 'गॅस असेल' म्हणून काढलेली रात्र, मग रेफरची चिठ्ठी, मग बंद पडलेली लोकल आणि पावसात तुंबलेला रस्ता, या सगळ्याला या पट्टीनं आकडा दिला.

फार खालावलेल्या रोग्याची पोटाची शस्त्रक्रिया आज एकदाच होऊन संपत नाही. पहिल्या वेळी सर्जन फक्त गळती थांबवतात, पोट लिटरवारी सलाईननं धुतात, दूषित आतड्याचं तोंड पोटावर काढून पिशवी लावतात आणि बाहेर पडतात. कधी सूज इतकी असते की पोट बंदच होत नाही. मग ते उघडं ठेवून वर निर्जंतुक प्लॅस्टिक शिवायची पद्धत आहे; ती १९८४ मध्ये कोलंबियात, बोगोटा शहरात एका तरुण सर्जननं सलाईनची रिकामी पिशवी कापून काढली. गरीब देशातल्या रुग्णालयात, हाताशी होतं त्यातून. मुंबईतल्या सर्जनना ती युक्ती परकी वाटली नाही. एक-दोन दिवसांनी पुन्हा आत, पुन्हा धुणं. नातेवाईक बाहेरच्या बाकड्यावर विचारतात, 'परत का उघडलं? पहिलं चुकलं का?' पहिल्याच दिवशी कुणी सविस्तर समजावून सांगितलं असेल तर हा प्रश्न येत नाही.

दरम्यान जंतू बदलले आहेत. २०१० मध्ये माहीमच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी नोंदवलं की राखीव ठेवलेल्या कार्बापेनेम गटातल्या औषधांनाही आतड्यातले जंतू दाद देईनासे झाले आहेत. तोवर जे औषध शेवटचं समजलं जायचं, ते आता अनेकदा पहिल्या दिवशी लिहावं लागतं. सर्दी-खोकल्याला मेडिकलमधून चिठ्ठीविना घेतलेल्या गोळ्यांचं कर्ज असं दुसऱ्याच कुणाच्या तरी पोटात वसूल होतं.

आणि मग, सगळं पार पडलं तर, तो दिवस येतो जेव्हा सिस्टर म्हणतात, 'उद्या वॉर्डात हलवू.' घरचे पेढे आणतात. इथवरची गोष्ट सगळे सांगतात. पुढची कमी सांगितली जाते.

बच्चन १९८२ च्या सप्टेंबरात घरी आले खरे, पण त्या आजारपणानं त्यांचा पिच्छा सोडला नाही. १९८४ मध्ये त्यांना मायस्थेनिया ग्रेव्हिस हा स्नायू दुबळे करणारा विकार जडल्याचं निघालं. १९८२ मध्ये त्यांना सुमारे दोनशे दात्यांच्या साठेक बाटल्या रक्त चढलं होतं. त्यांतल्या एकाकडून कावीळ-बीचा विषाणू आला आणि तो दोन दशकं गुपचूप यकृत खात राहिला. पंचवीस टक्के यकृतावर आपण जगतो आहोत, हे त्यांनी जाहीरपणे सांगितलं आणि लसीकरणाच्या प्रचारात आपलं उदाहरण पुढे केलं. रांगा लावून दिलेलं ते रक्त प्रेमाचंच होतं. पण त्या काळी आजच्यासारखी कडक तपासणी नव्हती.

सर्वसाधारण रोग्याचं परतणं असं कॅमेऱ्यासमोर होत नाही. व्हेंटिलेटरवर तीन आठवडे काढलेल्या माणसाच्या मांड्या काड्यांसारख्या झालेल्या असतात. पेला उचलताना हात थरथरतो. नळीनं घसा बसलेला असतो. रात्री दचकून जाग येते, अजूनही मॉनिटर टुणटुणतोय असं वाटतं. काहींना अतिदक्षतेतले दिवस भयानक स्वप्नासारखे आठवतात, काहींना अजिबात आठवत नाहीत आणि तेही छळतं. नावं विसरतात, साधा हिशेब चुकतो. या सगळ्याला एकत्र नाव मिळालं तेच मुळी २०१० मध्ये, अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या बैठकीत. त्याआधी घरचे म्हणायचे, 'आजारानं स्वभाव बदलला.' ते नाव आपल्या डिस्चार्जच्या कागदावर अजून क्वचितच दिसतं, आणि इथे आपली रुग्णालयं कमी पडतात. वाचलेल्या माणसाला फिजिओथेरपी, आहार आणि मनाचा आधार यांची लेखी योजना द्यायला महागडं यंत्र लागत नाही.

पोटावरची पिशवी तर वेगळाच संसार. ती किती वेळानं रिकामी करायची, कडेची कातडी सोलवटली तर कोणती पेस्ट लावायची, पावटे आणि कोबी खाल्ले की फुगते म्हणून काय टाळायचं, हे शिकवणारी स्टोमा नर्स मोठ्या रुग्णालयांत भेटते. कुर्ल्याच्या किंवा भांडुपच्या दहा बाय बाराच्या खोलीत, सामायिक संडासाच्या रांगेत उभं राहून ती रिकामी करण्याचं शास्त्र मात्र घरच्यांनी स्वतःच रचलेलं असतं: एक वेगळी बादली, पहाटेची वेळ, दाराला लावलेली जुनी साडी. बहुतेक वेळा बायकोनं किंवा आईनं, कुणालाही न सांगता. दोन-तीन महिन्यांनी, वजन आणि रक्त भरून आलं की, आतडं पुन्हा जोडायची शस्त्रक्रिया होते. काही जण खर्चाला किंवा पुन्हा त्या दिव्यांखाली जायला घाबरून ती पुढे ढकलत राहतात.

ओपीडीत सर्जन जखम पाहतात, हर्नियासाठी खोकायला सांगतात आणि मग पट्टा घट्ट बांधत विचारतात, 'कामाला कधीपासून जायचं म्हणता?' या प्रश्नाचं उत्तर मुंबईच्या उपनगरात स्टेशनच्या जिन्यावर ठरतं. शिवलेल्या पोटानं काही महिने ओझं उचलायचं नसतं, दांडीला लोंबकळायचं नसतं, गर्दीचा कोपर पोटात बसू द्यायचा नसतो. म्हणून घाटकोपरच्या, मुलुंडच्या पुलांवर सकाळी अकरा-साडेअकराला, पहिली लाट ओसरल्यावर, एखादा माणूस कठड्याला हात लावून पायऱ्या चढताना दिसतो. मधल्या टप्प्यावर थांबतो, शर्टाखालचा पट्टा चाचपतो आणि श्वास जमला की पुढच्या पायऱ्या घेतो.